सिकलसेल : रक्ताचा दोष आणि समाजाचा दोष

जातिव्यवस्था रक्ताच्या शुद्धतेच्या भाकडकथेवर उभी राहिली. म्हणून रक्ताच्या रोगाचा इतिहास तपासताना आपण सावध असले पाहिजे. विदर्भातील आदिवासी आणि पूर्वाश्रमीच्या महार समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि 'हा त्यांचाच रोग' असे सहज बोलले जाते. या बोलण्यात तथ्य किती?

तांबड्या पेशी हाडांतील मज्जेत तयार होतात. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले, की प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारखी वाकते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांत फुटते. मज्जा रात्रंदिवस राबते, तरी तूट भरून निघत नाही. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकून मज्जेचाच रक्तपुरवठा तोडतात आणि हाडे असह्य ठणकतात. या ठणक्याला कोणी वात म्हटले, कोणी करणी. मुकादमाने कामचुकारपणा म्हटले.

या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी केली. रुग्ण होता ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला कृष्णवर्णीय विद्यार्थी, वॉल्टर क्लेमेंट नोएल. हेरिक यांच्या लेखात त्याचे नावही नव्हते. पुढे अमेरिकन वैद्यकाने हा 'निग्रो रक्ता'चा रोग ठरवून टाकला. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले, की हा दोष आईबापांपैकी एकाकडूनच आला असेल तर तो मुलाला मलेरियापासून संरक्षण देतो. म्हणून तो मलेरियाच्या मुलखांत टिकला : आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये आणि मध्य भारतातही. त्याचे मूळ हीन रक्तात नाही, डासांच्या मुलखात आहे. जातीबाहेर लग्न नाही या नियमाने तो ठरावीक समाजांत कोंडला गेला, एवढेच.

भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा दोष सापडला. मध्य भारतातील त्याची नोंद नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली केली. त्याच नागपुरात दोन वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली होती. जन्माने माणूस हीन ठरत नाही, हे तिथे आधीच सांगून झाले होते.

नोंद झाली म्हणजे न्याय मिळाला, असे मात्र नाही. अमेरिकेत साठ वर्षे हा रोग उपेक्षित राहिला. १९७१ पासून ब्लॅक पँथर पक्षाने मोफत दवाखाने आणि वस्त्यांतून रक्ततपासणीची मोहीम चालवली. १९७२ साली तिथल्या सरकारला त्यासाठी कायदा करावा लागला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपण त्यांचे नाव घेतले, त्यांचा आवेश घेतला. त्यांचा दवाखाना मात्र आपल्याला फारसा आठवत नाही.

त्या मोहिमेनंतरचा धडाही विसरता कामा नये. काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. केवळ वाहक असलेल्या निरोगी माणसांना नोकरी आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचे दार वाहकांना १९८१ पर्यंत बंद होते. तपासणीने नवी अस्पृश्यता जन्माला घातली.

आपल्याकडे १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे उद्दिष्ट आहे. तिचे स्वागतच केले पाहिजे. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला रोगाची शक्यता २५ टक्के असते. हे लग्नाआधी कळणे हा त्यांचा हक्क आहे. पण वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. हातात कार्ड आले म्हणून मुलगी नाकारली जाणार असेल, तर पत्रिका जाऊन कार्ड आले, एवढाच बदल होईल.

मज्जारोपणाने हा रोग बरा होऊ शकतो. पण जुळणारा दाता आणि लाखोंचा खर्च भूमिहीन मजुराने कुठून आणावा? निदान हायड्रॉक्सियुरिया प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमाने मिळाले पाहिजे. कार्यकर्त्यांनी वस्तीत तपासणीचा आग्रह जरूर धरावा. पण तिच्याबरोबर औषधाचा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचाही आग्रह धरावा. रक्तातला दोष मलेरियाने टिकवला. त्यावर चढवलेला कलंक माणसांनी घडवला आहे, आणि तो माणसांनीच पुसला पाहिजे.