थोरांच्या डोळ्यांतले पाणी

दिवाळी अंक घरात आला की तो आधी कोणाच्या हाती पडायचा, यावरून भावंडांत थोडी ओढाताण ठरलेलीच. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांतल्या कितीतरी पिढ्या हे अंक वाचीत वाढल्या. थोरांसाठी म्हणून छापलेल्या कथा मुलांनी चोरून वाचल्या आणि मुलांच्या कथा वाचताना थोरांनी हळूच डोळे पुसले. कथेतले मूल मोठे होते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न म्हणूनच फराळाच्या ताटाशेजारी बसून विचारण्याजोगा आहे.

वाढदिवस मोजून कोणी मोठे होत नाही. मिसरूड फुटल्याने किंवा परकराचे लुगडे झाल्यानेही होत नाही. आपल्याकडच्या चांगल्या कथा चाळून पाहिल्या तर एक गोष्ट वारंवार दिसते. आजवर ज्यांना आपण सर्वशक्तिमान समजत होतो, ती घरातली थोर माणसेही दुखावतात, घाबरतात, हतबल होतात, हे ज्या क्षणी मुलाच्या ध्यानात येते, त्या क्षणी त्याचे बालपण एक पायरी खाली उतरते. ही पायरी आपल्या लेखकांना केव्हा व कशी दिसत गेली, तो इतिहास मोठा मनोरम आहे.

जुन्या बोधकथांत मुले पुष्कळ असत, पण ती वाढत नसत. ती फक्त सुधारत. खोटे बोलणारा मुलगा शेवटी खरे बोलू लागे, आळशी मुलगी उद्योगी होई आणि गोष्ट संपे. अशा गोष्टींत थोर माणूस कधी चुकतच नसे, मग मुलाला त्याच्याविषयी नवे काय कळणार? हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः दिली, तेव्हा हे चित्र पालटले. येथे यमू स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगते. भावाबरोबर खेळणारी ही पोर घरातल्या बायका पुरुषांच्या धाकात कशा वावरतात ते पाहते. पुढे तेच जिणे आपल्याही वाट्याला यायचे आहे, हे तिला ठाऊक नसते. वाचकाला मात्र ठाऊक असते. मूल पाहते आणि वाचक समजतो, ही या कथांची खरी किल्ली हरिभाऊंच्या हाती तेव्हाच लागली होती.

यानंतर १९३३ हे साल पाहावे. त्या वर्षी फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. पुस्तकरूपाने ती १९३५ साली आली. तिच्यातल्या बेचाळीस रात्री म्हणजे केवळ आईच्या उपदेशांची माळ आहे, असा समज फार पसरला आहे. तो पुरता खरा नाही. ‘अळणी भाजी’ हा प्रसंगच घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील ताटावर बसतात आणि अवाक्षर न काढता जेवून उठतात. मुले ते पाहतात आणि तीही गप्प राहतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला खरा प्रकार उमगतो. येथे कोणी कोणाला धडा देत नाही. आईलाही वाईट वाटू शकते आणि वडील ते वाईट वाटणे झाकू पाहतात, एवढे श्यामला दिसते. त्याच पुस्तकातल्या दिवाळीत, घरची तंगी असताना, आई भाऊबीजेच्या पैशांतून वडिलांसाठी धोतर आणवते. पुढे कर्ज वाढते, जप्तीची दवंडी पिटली जाते आणि गावासमोर आईवडिलांची मान खाली जाते. श्याम आईच्या शब्दांनी घडला हे खरेच. पण तो मोठा झाला तो तिची असहायता पाहून.

नवल असे की त्याच १९३३ साली हिंदीत प्रेमचंदांची ‘ईदगाह’ प्रसिद्ध झाली. चार-पाच वर्षांचा पोरका हामिद तीन पैसे घेऊन ईदच्या जत्रेला जातो. इतर मुले खेळणी आणि मिठाई घेतात. हा आजीसाठी चिमटा घेतो, कारण भाकरी उलटताना तिची बोटे पोळतात. घरी आल्यावर आजी आधी रागावते आणि मग रडते. लहानगा हामिद त्या क्षणी घरातला वडीलधारा होतो आणि म्हातारी अमीना पोर होते. दोन भाषांतल्या दोन लेखकांना एकाच वर्षी तीच पायरी दिसली, याचे राहून राहून आश्चर्य वाटते.

याच वर्षी विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही लेखिका कोण, याचे कुतूहल कितीतरी दिवस चालले. त्या म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्यांच्या नायिका मुली नव्हेत, शिकून कमावत्या झालेल्या तरुणी आहेत. पण त्यांचेही एक मोठे होणे राहिलेले असते. आपल्या पगारावर घर चालते, म्हणून आपल्या लग्नाचा विषय घरात मागे पडतो आहे, हे लेकीला कळून चुकते. श्याम आणि हामिद यांना थोरांची असहायता पाहून माया दाटून येते. येथे मायेबरोबर एक बोच येते. थोर माणसे दुबळी असतात आणि दुबळेपणापायी ती स्वार्थीही होऊ शकतात, हे जाणणे अधिक कठीण असते. लोक एवढे का खवळले, हे त्यावरून समजते.

याहून कठोर पाठ १९७८ साली दया पवारांच्या ‘बलुतं’ने दिला. ते आत्मकथन आहे, कथा नव्हे. तथापि बालपणाच्या मराठी लेखनाचा विचार त्याला वगळून करता येत नाही. मुंबईच्या कावाखान्यात आणि गावच्या महारवाड्यात वाढणारा दगडू आपल्या माणसांना गावापुढे वाकताना पाहतो. श्यामच्या घरची अब्रू कर्जाने गेली. दगडूच्या माणसांना ती अब्रू गावाने मुळी देऊच केली नव्हती. तेव्हा बाप हतबल आहे एवढे कळून भागत नाही. त्याला हतबल कोणी केले, हाही प्रश्न मुलाला विचारावा लागतो.

आणि अखेरीस लंपन. प्रकाश नारायण संत यांचा जन्म १९३७चा. इंदिरा संत आणि ना. मा. संत यांचे हे पुत्र आजोळी दत्तक गेले. १९४६ साली वडील वारले. पुढे कराडला भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००२) या चार संग्रहांत एकच मुलगा उभा केला. लंपन आजी-आजोबांकडे राहतो आणि बेळगावकडच्या, कानडी वळणाच्या मराठीत बोलतो. आईबाप दुसऱ्या गावी असतात. ‘मला आईची आठवण येते’ असे तो सरळ कधी सांगत नाही. तो मित्रांविषयी सांगतो, गाण्याविषयी सांगतो, झाडांविषयी सांगतो. पण सांगता सांगता मध्येच कुठेतरी त्याचा सूर अडखळतो, तेथे वाचकाने थांबावे. पुढे कथामालेत वडिलांचा मृत्यू येतो आणि आजवर आईपासून दूर राहिलेला हा पोर आईच्या दुःखासमोर उभा ठाकतो. संतांनी तेथे भाष्य केलेले नाही. हरिभाऊंची ती जुनी किल्ली त्यांनी शंभर वर्षांनी पुन्हा वापरली, आणि अधिक हळुवारपणे.

तेव्हा अशी कथा वाचताना ‘यातून बोध काय?’ असे मुलांना विचारण्याची घाई करू नये. मूल कोणाकडे पाहते आहे, त्याने काय पाहिले आणि ते कोठे गप्प बसले, एवढे विचारावे. पात्र तेथेच सापडते आणि आशयही.

घराघरांतून आपण थोर मंडळी आपल्या चिंता मुलांपासून लपवितो. महिनाअखेरची ओढ, दवाखान्याचा कागद, भाऊबंदकीचे पत्र, सारे काही त्यांना दिसू नये म्हणून कपाटात ठेवतो. आपला हेतू चांगलाच असतो. पण श्यामने ताटावरून पाहिले होते, हामिदने आजीची बोटे पाहिली होती. आपल्या घरातले लहानगेही आज अंक वाचता वाचता पानावरून डोळे काढून आपल्याकडे पाहत असेल. त्याला काय दिसते आहे, हे एकदा त्याच्याजवळ बसून विचारायला हरकत नाही.