अपवर्तन व निरुद्ध : एका न्यासाचा पाठनिर्णय

लीलावतीच्या पोथ्या संग्राहकांजवळ पुष्कळ आढळतात. पण श्लोक तेवढे पारखले जातात आणि खालचे अंक दृष्टीआड होतात. ही चूक मींही केली आहे. माझ्याजवळील एका त्रुटित पोथींत कुट्टकाच्या पहिल्या उदाहरणाचा श्लोक किडीनें खाल्लेला असून न्यास मात्र शाबूत आहे : भाज्य २२१, हार १९५, क्षेप ६६. छापील प्रतींत क्षेप ६५ आहे. निराळी परंपरा हातीं लागली अशा समजुतीनें मीं तो पाठभेद म्हणून सूचींत नोंदला, आणि वर्षभर मिरवलाही.

भाज्य कोणत्या अंकानें गुणून त्यांत क्षेप मिळवला असतां हारानें निःशेष भाग जाईल, तें काढणें हें कुट्टकाचें काम. त्यासाठीं भास्कराचार्य (शके १०७२) आरंभींच सांगतात कीं, भाज्य व हार यांचें परस्परभाजन करीत जावें. शेवटचा जो शेष उरेल तें त्यांचें अपवर्तन. शाळेंत तीस वर्षें मीं ज्याला महत्तम साधारण विभाजक म्हणत आलों, तो हाच. २२१ ला १९५ नीं भागतां शेष २६. १९५ ला २६ नीं भागतां शेष १३. आणि १३ नीं २६ निःशेष भागले जातात. म्हणून अपवर्तन १३. या अंकानें भाज्य-हारांप्रमाणें क्षेपही भागला जात नसेल, तर तें उदाहरणच दुष्ट, असा आचार्यांचा दंडक आहे. ६६ ला १३ चा भाग जात नाहीं. दुष्ट उदाहरण मुद्दाम घातलें असेल अशी शंका कोणी घेईल. पण त्याच पानावर पुढें दृढ अंक १७, १५ व ५ असे लिहिले आहेत, आणि १३ पांचें ६५. नकलकाराच्या हातून मागचा ६ पुन्हा उमटला, एवढाच तो पाठभेद !

हें परस्परभाजन आर्यभटाच्या (इ. स. ४९९) कुट्टकांतही आहे. लघुतम साधारण विभाज्याची गोष्ट वेगळी. समच्छेद करतांना अपवर्तित हरांनीं गुणावें अशी युक्ति भास्कराचार्य सुज्ञांस सुचवतात, पण त्या राशीला नांव देत नाहींत. तें नांव त्यांच्यापूर्वीं सुमारें तीन शतकें, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळीं, महावीराचार्यांनीं गणितसारसंग्रहांत दिलेलें आहे : निरुद्ध. छेदांचा सामाईक अपवर्तक आणि भागून आलेलीं लब्धें यांचा गुणाकार तो निरुद्ध. वरच्याच दोन अंकांचा निरुद्ध १३ × १७ × १५ म्हणजे ३३१५. सरसकट गुणाकार केला तर ४३०९५. रंगाचार्यांनीं १९१२ सालीं मद्रासेस हा ग्रंथ छापला, तरी सुटीं पानें चाळतांना "निरुद्ध" म्हणजे "अडवलेला" असा कोशांतला अर्थ घेऊन गणिताचें पान योगाच्या गठ्ठ्यांत बांधलें जाण्याचा संभव आहेच.

माझ्या सूचींतील "पाठभेद" हा शब्द खोडून तेथें "नकलकाराचा प्रमाद" असें मीं लिहिलें आहे.