शेकोटीवरची कॉफी आणि अमेरिकेचे यादवी युद्ध (थ्रेड)

१/ १७ सप्टेंबर १८६२. मेरिलँडमधील अँटीटम ओढ्याच्या काठी पहाटेपासून तोफा धडधडत होत्या. ओहायोच्या २३व्या पलटणीचे सैनिक दुपार उलटली तरी उपाशीच लढत होते. अशा वेळी शिधाखात्यातील १९ वर्षांचा एक सार्जंट गाडी हाकत, गोळीबारातून वाट काढत थेट आघाडीवर येऊन पोहोचला. गाडीत होते शिजवलेले अन्न आणि गरम कॉफी.

२/ त्या तरुणाचे नाव विल्यम मॅकिन्ली. १८९६ ची निवडणूक जिंकून तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १९०१ मध्ये त्याची हत्या झाली आणि १९०३ मध्ये त्याच रणभूमीवर त्याचे स्मारक उभे राहिले. त्या एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले होते. अशा भूमीवर अन्न आणि कॉफी पोहोचवल्याचे स्मारक का उभारावेसे वाटले असेल?

३/ उत्तरासाठी तीस वर्षे मागे जावे लागते. अमेरिकी सैनिकाला पूर्वी रोजच्या शिध्यात दारू मिळत असे. बेशिस्त, भांडणे आणि आजार यांचे मूळ त्या दारूत आहे, अशी तक्रार वाढत गेली. अखेर १८३२ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या आदेशाने दारूच्या जागी कॉफी आणि साखर आली. छावणीतील शेकोटीवर कॉफीचे भांडे चढले ते या निर्णयामुळे.

४/ १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, तेव्हा उत्तरेच्या सैन्यातील शिध्याचे प्रमाण ठरलेले होते : दर शंभर माणसांमागे रोज १० पौंड कच्ची कॉफी, किंवा ८ पौंड भाजलेली. म्हणजे माणशी सुमारे ४५ ग्रॅम कच्ची अथवा ३६ ग्रॅम भाजलेली. वर्षाचा हिशेब केला, तर एका सैनिकामागे कच्ची कॉफी साडेसोळा किलोंच्या घरात जाते.

५/ दहा आणि आठ या आकड्यांमागे साधे कारण आहे. भाजताना बियांतील ओलावा उडून जातो आणि वजन जवळपास पाचव्या हिश्शाने घटते. कच्ची हिरवी बी महिनोन्‌महिने टिकते; भाजलेल्या बीचा सुगंध काही आठवड्यांत ओसरतो आणि दळलेल्या कॉफीचा त्याहूनही लवकर. शिवाय दळलेल्या कॉफीत ठेकेदार काय मिसळील याचा नेम नसे. अखंड बीत भेसळ करणे अवघड.

६/ परिणामी भाजण्या-दळण्याचे काम बहुधा सैनिकाच्याच गळ्यात पडे. कढईत वा मोठ्या पातेल्यात बिया टाकून त्या शेकोटीवर हलवत राहायचे. आच सारखी नसल्याने काही बिया करपत, काही कच्च्या राहत. मग त्या डब्यात घालून बंदुकीच्या दस्त्याने किंवा संगिनीच्या मुठीकडच्या टोकाने कुटायच्या. सकाळच्या छावणीत हा कुटण्याचा आवाज सर्वत्र घुमत असे.

७/ याच गरजेतून एक लोकप्रिय दंतकथा जन्मली. शार्प्स कंपनीच्या काही कार्बाइन बंदुकांच्या दस्त्यात फिरवायच्या मुठीची एक चिमुकली जाती बसवलेली आढळते. ती ‘कॉफीची जाती’ म्हणून प्रसिद्ध आहे. प्रत्यक्षात तिच्यात कॉफी नीट दळली जात नाही. ती धान्य भरडण्यासाठी असावी, असे शस्त्रांचे अभ्यासक मानतात. अशा बंदुका बनल्याही अगदी थोड्या.

८/ त्या काळच्या छावणीचे सर्वांत जिवंत चित्र जॉन बिलिंग्ज याने रेखाटले. मॅसॅच्युसेट्सच्या १०व्या तोफखान्यातील हा सैनिक. युद्धानंतर दोन दशकांनी, १८८७ मध्ये, त्याने आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नावच ‘हार्डटॅक अँड कॉफी’. सेनापतींचे डावपेच इतरांनी लिहिले होते. बिलिंग्जने तंबू, डास, खेचरे आणि शिधा यांचा इतिहास लिहिला.

९/ शिधा वाटण्याची रीत मोठी रंजक होती. जमिनीवर रबरी कापड पसरून त्यावर माणसागणिक कॉफीच्या आणि साखरेच्या ढिगल्या मांडल्या जात. प्रत्येक ढिगली डोळ्यांना सारखी दिसली पाहिजे, यावर सगळ्यांची करडी नजर. पक्षपाताचा संशय नको म्हणून वाटप करणारा सार्जंट ढिगल्यांकडे पाठ करून नावे पुकारी. मुरलेले सैनिक कॉफी आणि साखर एकाच पिशवीत कालवून ठेवत.

१०/ भांडे कोणते? फळांचा वा मांसाचा रिकामा पत्र्याचा डबा! त्याला वरून तारेची कडी लावली, की काठीला अडकवून विस्तवावर धरता येई. सैनिकाचा पत्र्याचा मोठा पेलाही त्याच कामी येई. पलटण मोठी असली, तरी कॉफी बहुधा एकेकट्याने किंवा दोघा-तिघांनी मिळून करायची. म्हणूनच मुक्कामावर एका मोठ्या चुलाणाऐवजी शेकडो छोट्या शेकोट्या दिसत.

११/ सरपण मिळे ते शेतकऱ्यांच्या कुंपणांतून. सुकलेल्या लाकडाचे ते आडवे वासे चटकन पेट घेत. याबाबत एक किस्सा हमखास सांगितला जातो. अधिकाऱ्यांनी बजावले, ‘कुंपणाचा फक्त सर्वांत वरचा वासा घ्या.’ पहिल्याने वरचा वासा नेला. दुसऱ्याला उरलेल्यांतला वरचा दिसला. आज्ञा कोणीच मोडली नाही आणि कुंपण मात्र नाहीसे झाले. ज्याचे कुंपण गेले, त्या शेतकऱ्याला या विनोदावर हसू आले नसणार.

१२/ कृती अगदी साधी. थंड पाण्यात भरड कॉफी टाकायची आणि उकळी येऊ द्यायची. गाळणे नव्हतेच. भांडे खाली उतरवून त्यात थंड पाण्याचा हबका मारला, की तरंगणारा चोथा तळाशी बसे. आजच्या जाणकारांना अशी उकळलेली कॉफी कडवट वाटेल. पाणी उकळीच्या जरा खालीच असावे, असा त्यांचा आग्रह असतो. थंडीत कुडकुडणाऱ्या पहारेकऱ्याला असली चिकित्सा परवडणारी नव्हती.

१३/ कॉफीचा जोडीदार म्हणजे हार्डटॅक : पीठ आणि पाण्याचे, दगडासारखे कडक बिस्कीट. ते दस्त्याने फोडून कॉफीत भिजवले जाई. जुन्या पेटीतले बिस्कीट असले, तर त्यातल्या अळ्या आणि सोंडे कॉफीवर तरंगू लागत. बिलिंग्ज निर्विकारपणे नोंदवतो, की ते वरचेवर काढून टाकता येत आणि त्यांची चव मागे राहत नसे.

१४/ कूच आणि कॉफी यांचे नाते घट्ट होते. मध्यरात्री निघण्याचा हुकूम आला, तर आधी कॉफी. वाटेत थोडा वेळ थांबा मिळाला, तर कॉफी. मुक्कामी पोहोचल्यावर तंबू उभारण्याआधी कॉफी. इतिहासकार जॉन ग्रिनस्पॅन यांचे निरीक्षण बोलके आहे : सैनिकांच्या पत्रांत आणि दैनंदिन्यांत ‘युद्ध’, ‘तोफ’ किंवा ‘लिंकन’ या शब्दांपेक्षा ‘कॉफी’ हा शब्द अधिक वेळा भेटतो.

१५/ सैन्याने हा खटाटोप टाळण्याचा एक प्रयोगही केला. कॉफीचा अर्क, दूध आणि साखर आटवून घट्ट तपकिरी लगदा तयार केला. तो चमचाभर गरम पाण्यात कालवला की पेय तयार. आजच्या इन्स्टंट कॉफीचा हा पूर्वज म्हणता येईल. पण सैनिकांनी त्याची तुलना गाडीच्या आसाला लावायच्या वंगणाशी केली आणि प्रयोग बारगळला. करपलेली का होईना, त्यांना आपल्या हातची कॉफी हवी होती.

१६/ या सवयीचा एक अदृश्य लाभ होता. उत्तरेचे साडेतीन लाखांहून अधिक सैनिक या युद्धात मेले. त्यांपैकी लढाईत किंवा जखमांमुळे मेलेले सुमारे १,१०,०००. उरलेल्यांतील बहुतेकांचा बळी रोगांनी घेतला. अतिसार, हगवण आणि विषमज्वर यांत दूषित पाण्याचा वाटा मोठा होता. कॉफीसाठी उकळलेल्या पाण्यातले जंतू मरत, पण हे कोणालाच ठाऊक नव्हते. रोगजंतूंचा सिद्धांत वैद्यकात रुजायला अजून दोन दशके लागणार होती. तोच सैनिक तहान लागली, की ओढ्याचे पाणी तसेच पिऊन टाकी.

१७/ आता दक्षिणेकडे पाहू. एप्रिल १८६१ मध्ये लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. वर्षभरात, एप्रिल १८६२ मध्ये, कॉफीच्या आयातीचे मोठे केंद्र असलेले न्यू ऑर्लिन्सही उत्तरेच्या ताब्यात गेले. मग दक्षिणेतल्या घरांत आणि छावण्यांत राय, रताळी, भेंडीच्या बिया, ओकची फळे, चिकोरी असे जे मिळेल ते भाजून उकळले जाऊ लागले. रंग काळा येई. तरतरी मात्र येत नसे, कारण या कशातच कॅफीन नव्हते.

१८/ दक्षिणेकडे तंबाखू मुबलक, उत्तरेकडे कॉफी. १८६२-६३ च्या हिवाळ्यात फ्रेडरिक्सबर्गजवळ रॅपाहॅनॉक नदीच्या दोन काठांवर दोन्ही सैन्ये तळ ठोकून होती. पहारेकरी फळकुटांच्या चिमुकल्या नावा करून त्यांना शीड लावत आणि पाण्यात सोडत. एका दिशेने कॉफी जाई, दुसऱ्या दिशेने तंबाखू येई. वरिष्ठांची मनाई होती, तरीही हा व्यापार चाले. डिसेंबरात याच ठिकाणी त्यांनी एकमेकांची कत्तल केली होती आणि वसंतात पुन्हा लढायचे होते.

१९/ या शेकोट्यांभोवती आणखी कोणी तरी होते. गुलामीतून पळून उत्तरेच्या छावणीत आलेले अनेक कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष तेथे स्वयंपाक आणि धुणीभांडी करत. ३ मार्च १८६३ च्या कायद्याने प्रत्येक आचाऱ्यामागे आफ्रिकी वंशाचे दोन साहाय्यक आचारी नेमण्याची तरतूद झाली. वेतन महिना १० डॉलर. गुलाम म्हणून जन्मलेल्या अनेकांची वेतनाची पहिली नोकरी अशी चुलीपाशी सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय पुरुष बंदूक घेऊन त्याच सैन्यात लढले.

२०/ आणि तरीही त्या पेल्याच्या तळाशी एक कडू सत्य उरते. अमेरिकेत येणारी बहुतांश कॉफी ब्राझीलची होती आणि रिओच्या मागच्या पाराइबा खोऱ्यातील मळ्यांत ती गुलामांच्या श्रमांवर पिकत होती. गुलामगिरी संपवणारे सैन्य गुलामांनी पिकवलेल्या कॉफीवर जागे राहत होते. ब्राझीलमध्ये गुलामगिरी रद्द झाली ती १३ मे १८८८ रोजी, अमेरिकेतील युद्ध संपल्यानंतर २३ वर्षांनी.

२१/ युद्ध संपले, सवय उरली. लाखो तरुण कॉफीची चटक घेऊन घरी परतले. पिट्सबर्गच्या आर्बकल बंधूंनी ही संधी हेरली. भाजलेल्या अखंड बिया एकेक पौंडाच्या पुड्यांत विकायला त्यांनी सुरुवात केली. १८६८ मध्ये जॉन आर्बकलने एक पेटंट घेतले : बियांवर अंडी, साखर अशा पदार्थांचा पातळ लेप, म्हणजे सुगंध टिकतो. पश्चिमेच्या कुरणांत गुरे हाकणाऱ्या काउबॉयच्या शेकोटीवर हीच कॉफी उकळू लागली. चार्ल्स गुडनाइटने १८६६ मध्ये तयार केलेल्या फिरत्या स्वयंपाकगाडीत, म्हणजे ‘चक वॅगन’मध्ये, तिला हक्काची जागा मिळाली.

२२/ उत्तरेच्या माजी सैनिकांनी १८६६ मध्ये ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना स्थापन केली. तिच्या स्नेहमेळाव्यांना नाव होते ‘कॅम्पफायर’. केस पांढरे झालेले, पोटापाण्याला लागलेले हे लोक तेथे हौसेने हार्डटॅक चावत आणि पत्र्याच्या पेल्यातून कॉफी पीत. घरी त्याहून चांगली कॉफी मिळत होतीच. पण ज्यांच्यासोबत ती पूर्वी प्यायली होती, त्यांतले कितीजण अँटीटमच्या, फ्रेडरिक्सबर्गच्या मातीत राहिले होते. त्यांची आठवण निघे, ती बहुधा याच पेल्यांभोवती.