जुनी दुनळी आणि नवे काडतूस

गोव्यातील कारागिरांच्या बंदुकांची वाखाणणी आफोंसो द आल्बुकेर्कने १५१३ सालीच पोर्तुगालच्या राजाला कळविली होती. पेडणे-डिचोलीकडे पीकरक्षणासाठी बाळगलेल्या दुनळीची कथा मात्र विलायती. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, घणाखाली सांधलेली तिची जुनी नळी काळ्या दारूसाठी घडविलेली; धूरविरहित दारू आली ती १८८४ नंतर.

खरा धोका डोळ्यांना दिसतच नाही. ७० मिलिमीटरचे काडतूस ६५ मिलिमीटरच्या घरात बिनबोभाट बसते, कारण त्याचे तोंड मिटलेले असते. बार उडताच ते उघडून पुढच्या अरुंद भागात शिरते आणि दाब चढतो. बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचा (स्थापना १८१३) शिक्का पाहून निर्धास्त व्हावे, तर तो परीक्षेच्या दिवशीच्या नळीचा; पुढे गंज घासून पातळ झालेल्या नळीचा नव्हे.