शेवटच्या माणसाचा हिशेब

गाव माहीम असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "दर्ग्याजवळ का?" नाही हो! दादरच्या पुढचं ते माहीम वेगळं. आमचं माहीम पालघरचं, केळव्याच्या शेजारचं. नारळ, केळी, पानवेली, वाड्या आणि पलीकडे समुद्र. पालघरहून चर्चगेट जवळजवळ नव्वद किलोमीटर. 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, त्याआधी शटल आणि मेल गाड्यांवर भिस्त. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही कागदोपत्री ठाणेकर. पण क्रिकेटचा विषय निघाला की आम्ही पहिल्यापासून मुंबईचे. त्यात कधी वाद नव्हता. एकदाच झाला, तो पुढे सांगते.

आज लिहायचंय ते हरण्याबद्दल. त्यातही हंगामाच्या शेवटच्या सामन्यातल्या हरण्याबद्दल. मधल्या एखाद्या सामन्यात आपला संघ हरला तर चार दिवस चिडचिड होते, मग पुढचा सामना येतो आणि माणूस विसरतो. शेवटच्या सामन्याचं तसं नसतं. त्याच्यापुढे काहीच नसतं. आमच्याकडे तर मे महिना म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा. सुकी मासळी भरा, लाकडं आत घ्या, कौलं बघा. मग चार महिने मैदानात चिखल. म्हणजे हार डोक्यात घेऊन पूर्ण पावसाळा काढायचा! मला आठवणाऱ्या दोन मोठ्या हारी मे महिन्यातल्याच आहेत. एक 7 मे 1991 ची, दोन धावांनी. दुसरी 12 मे 2019 ची, एका धावेने.

पहिली आधी.

1990-91 च्या रणजी करंडकाचा अंतिम सामना वानखेडेवर, मुंबई विरुद्ध हरियाणा. मुंबईने 1958-59 पासून 1972-73 पर्यंत ओळीने पंधरा वेळा हा करंडक जिंकलेला. पण 1984-85 नंतर तो घरी आलेला नव्हता, आणि एवढा काळ मुंबईकरांना सोसणारा नव्हता. हरियाणाचा कप्तान कपिल देव. त्यांनी पहिल्या डावात 522 केल्या. दीपक शर्मा 199, चेतन शर्मा 98, अजय जडेजा 94. मुंबईने उत्तरादाखल 410. दुसऱ्या डावात हरियाणा 242. म्हणजे मुंबईला शेवटच्या दिवशी जिंकायला 355 हव्या होत्या, तेही दिवसाच्या उरलेल्या षटकांत.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कारण ती नंतरच्या चर्चांमध्ये सगळे विसरतात. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ करंडक नेतो. हरियाणाकडे 112 ची आघाडी होती. म्हणजे मुंबईने नुसतं उभं राहून सामना वाचवला असता तरी करंडक गेलाच असता. बरोबरी झाली असती तरी गेला असता. जिंकणं हा एकच रस्ता होता, आणि 3 बाद 34 झाल्यावर तो रस्ताही बंद झाल्यासारखाच होता.

मग दिलीप वेंगसरकर आणि सचिन तेंडुलकर. सचिन तेव्हा अठरा वर्षांचा. त्याने 75 चेंडूंत 96 मारल्या. दोघांनी मिळून 134 जोडल्या. सचिन गेला, विनोद कांबळीने 45 काढल्या, तोही गेला, आणि एका टोकाला वेंगसरकर उभेच. पायांत गोळे आलेले, धावायला लालचंद राजपूत रनर म्हणून. 9 बाद 305 झालं तेव्हा अजून पन्नास हव्या होत्या आणि अकरावा आला अॅबी कुरुविला, त्या वेळी अगदी नवखा. सामना संपला असं समजून उठलेले लोक परत बसले. त्या दोघांनी 47 जोडल्या. जिंकायला तीन हव्या असताना कुरुविला धावचीत झाला. मुंबई सर्वबाद 352. वेंगसरकर नाबाद 139, आणि मैदानातच रडणारे.

माझे मोठे काका तेव्हा फोर्टात नोकरीला होते. दुपारनंतर "सचिन मारतोय" अशी बातमी ऑफिसात आली आणि अर्धं ऑफिस वानखेडेवर गेलं. काकाही गेले. रात्री उशिराच्या गाडीने घरी आले, पाय धुतले आणि "वाढा" एवढंच म्हणाले. काकूने विचारलं, "काय झालं?" तर म्हणे, "उद्या पेपरात वाच."

पुढे कितीतरी वर्षं काका हा सामना आम्हा पोरांना सांगायचे. पण गंमत अशी, की ते 352 पर्यंत सांगायचे आणि थांबायचे. "मग?" असं विचारलं तर उठून वाडीत पाणी सोडायला जायचे.

त्यांच्या बरोबरीच्या लोकांचा एक आवडता उद्योग होता, तीन धावा शोधण्याचा. हंगाम संपलेला, पाऊस दाराशी, गाडीत दीड-दोन तास बसायचं, मग करायचं काय? पहिल्या डावात अमक्याने तमका फटका मारला नसता तर. सचिनचं शतक पुरं झालं असतं, म्हणजे चारच धावा जास्त झाल्या असत्या, तर. एखादा चौकार अडवला असता तर. पंधराशेहून जास्त धावा झालेल्या सामन्यात तीन धावा कुठेही सापडतात! मला वाटतं, या शोधण्यात एक औषध असतं. शोधता शोधता माणूस तो सामना पुन्हा पुन्हा बघतो, आणि प्रत्येक वेळी तो थोडा कमी दुखतो.

पण या उद्योगाला एक वाईट वळणही आहे. शोधणारा थकला की शेवटच्या माणसापाशी येऊन बसतो. "कुरुविला धावला नाही," असा गाडीत निकाल लागायचा. ते कोणी म्हणालं की काका चिडायचे. म्हणायचे, "सत्तेचाळीस धावांची भागीदारी एकट्या वेंगसरकरने केली काय? अकरावा माणूस दुसऱ्या बाजूला बाद न होता उभा राहिला म्हणून झाली ना?" हिशेब साधा आहे. तो नवखा पोरगा पहिल्याच चेंडूवर गेला असता तर मुंबई एकोणपन्नास धावांनी हरली असती आणि त्या सामन्याची आज कुणाला आठवणही नसती. हार इतकी जवळ आणली म्हणूनच ती त्याच्या नावावर लागली.

चेतन शर्मा त्या सामन्यात हरियाणाकडून होता हेही मला नंतर लक्षात आलं. 18 एप्रिल 1986 ला शारजात जावेद मियांदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला तो त्याच्याच गोलंदाजीवर. त्याच सामन्यात त्याने तीन बळी घेतले होते, पुढच्या वर्षी विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, पण लोकांना आठवतो तो एक चेंडू. हरियाणाने रणजी करंडक एकदाच जिंकलाय, तो 1991 चा, आणि त्यात त्याच्या 98 आहेत. हे किती जणांना ठाऊक असतं?

मुंबईने करंडक परत आणला तो 1993-94 मध्ये, रवी शास्त्रीच्या कप्तानीखाली. वेंगसरकर तोवर निवृत्त झाले होते. भरपाई झाली, पण ज्याचं नुकसान झालं होतं त्याच्या हातात काही पडलं नाही. कुरुविला 1997 मध्ये भारताकडून कसोटी खेळला. काकांनी तेव्हा घरात पेढे आणले होते. कारण कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

आता दुसरी हार.

वानखेडेवरच्या त्या सामन्यानंतर पाच महिन्यांनी, 16 ऑक्टोबर 1991 ला, शार्दूल ठाकूरचा जन्म झाला. आमच्या माहीमचा मुलगा, नारळाच्या बागायतदाराचा. शाळेच्या एका सामन्यात त्याने बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेविरुद्ध खेळून त्यांच्या प्रशिक्षकाचं, दिनेश लाड सरांचं, लक्ष वेधलं. रोजचा प्रवास झेपणार नाही म्हणून लाड सरांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. पालघरच्या गाडीत ते भलं मोठं किट घेऊन चढणं म्हणजे काय, हे ज्यांनी ती गाडी पकडलीय त्यांनाच कळेल. आणखी एक माहिती इथेच सांगून ठेवते, ती पुढे लागणार आहे. रोहित शर्माही लाड सरांचा आणि त्याच शाळेचा.

12 ऑक्टोबर 2018 ला शार्दूल हैदराबादला पहिली कसोटी खेळायला उतरला. दहा चेंडू टाकले, जांघेत दुखापत, बाहेर. बरोबर सात महिन्यांनी, 12 मे 2019 ला, तो त्याच मैदानावर आयपीएलच्या अंतिम सामन्यात होता. चेन्नईकडून. समोर मुंबई इंडियन्स.

वर म्हटलं तो वाद हाच! आमच्या घरात त्या रात्री दोन पक्ष पडले. निम्मी पोरं निळ्या टीशर्टमध्ये, आणि उरलेल्यांचं म्हणणं, "आपल्या गावचा पोरगा पिवळ्यात आहे तर आपणही पिवळे." काका ऐंशीच्या घरातले, खुर्चीत, कुठल्याच पक्षात नाहीत.

मुंबईच्या 149. शेन वॉटसन 80 पर्यंत पोचला. गुडघ्यातून रक्त वाहत असताना तो खेळत होता, हे नंतर कळलं. शेवटच्या षटकात नऊ हव्यात, गोलंदाज लसिथ मलिंगा, ज्याला त्या दिवशी आधी चांगलाच चोप बसला होता. चौथ्या चेंडूवर दुसरी धाव घेताना वॉटसन धावचीत. आता दोन चेंडू, चार धावा, आणि आत आला आमचा शार्दूल. पाचव्या चेंडूवर त्याने दोन काढल्या. शेवटच्या चेंडूवर दोन हव्या. एक काढली असती तर निदान बरोबरी. मलिंगाचा संथ चेंडू, शार्दूल पायचीत. मुंबई एका धावेने विजेती, चौथ्यांदा.

तो चेंडू संथ का टाकला हे रोहितने नंतर सांगितलं. शार्दूलला तो ओळखून होता, हा मोठा फटका मारायला जाणार हे त्याला माहीत होतं. बोरिवलीच्या एकाच शाळेतून निघालेले दोघं, एक मुंबईचा कप्तान, एक पॅडवर चेंडू लागून उभा. आपल्या माणसाला आपला माणूसच बरोबर ओळखतो, आणि तीच ओळख कधी कधी नडते.

घरात निळा पक्ष नाचायला उठला आणि पुन्हा बसला. कारण टीव्हीवर शार्दूलचा चेहरा होता. जिंकलेल्यांना नीट जिंकता येईना आणि हरलेल्यांना हरण्याचा हक्क आहे की नाही तेही कळेना. शेवटी एक पुतण्या म्हणालाच, "काय हा! एक धाव नाही काढता आली?"

काका खुर्चीतून म्हणाले, "पाचव्या चेंडूवर दोन कोणी काढल्या?"

कोणी बोललं नाही. काकांनी चष्मा काढला आणि झोपायला गेले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा अकरावा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे होता की नाही, मी विचारलं नाही.

पुढे शार्दूलने खूप काही केलं. जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला 67 धावा आणि सामन्यात सात बळी. त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला, तिसावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी असताना, दुबईत आयपीएलचा अंतिम सामना. कोलकाता बिनबाद 91 वर असताना त्याने एकाच षटकात दोन बळी घेतले आणि चेन्नई जिंकली. मार्च 2024 मध्ये तो रणजीत मुंबईकडून खेळत होता, म्हणजे आमच्या घरातला वादच मिटला! उपांत्य सामन्यात मुंबई 7 बाद 106, तिथून त्याच्या 109. अंतिम सामना वानखेडेवर, पहिल्या डावात मुंबईच्या 224 मधल्या 75 त्याच्या. मुंबईचा बेचाळिसावा करंडक. 1991 मध्ये जिथे वेंगसरकर रडले, त्याच मैदानावर.

इथे "वर्तुळ पूर्ण झालं" असं लिहिण्याचा मोह होतो, पण मला ते खरं वाटत नाही. 2024 च्या करंडकाने 1991 च्या तीन धावा परत आल्या नाहीत. दुबईने हैदराबाद पुसलं नाही. जिंकण्याने हरणं फिटत असतं तर मुंबईच्या लोकांना 1991 आठवायचं कारणच नव्हतं, बेचाळीस करंडक आहेत की!

मग उरतं काय? मला वाटतं, हिशेब नीट मांडणं. हरलेल्या सामन्याचा राग शेवटच्या माणसावर काढणं सोपं, कारण तो समोर उभा असतो. त्याच्या आधी बाद झालेले तोवर आत जाऊन बसलेले असतात. शेवटचा चेंडू खेळायला जो मिळतो त्याच्यापर्यंत सामना कोणीतरी आणलेला असतो, आणि पुष्कळदा त्यात त्याचाही हात असतो. तो हात मोजायचा. काका तेवढंच करत होते. 352 च्या पुढे ते कधी बोलले नाहीत, पण 305 पासून 352 पर्यंतची एकही धाव त्यांनी कधी गाळली नाही.

असो. बरंच लांबलं. तुमच्याही घरी असा एखादा सामना असेलच, ज्याची गोष्ट कुणीतरी अर्ध्यावर सोडून उठून जातं. जमलं तर लिहा त्याबद्दल. आणि शेवटच्या माणसाने त्याआधी काय केलं होतं, तेही लिहा.