थिबा राजवाडा

सकाळीं रत्नदुर्गावर भगवतीचें दर्शन, दुपारीं लोकमान्यांचें जन्मघर आणि उन्हें कलतां थिबा राजवाडा, असा रत्नागिरीस सहकुटुंब येणाऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. मुलें नक्षीदार खिडक्या पाहून हरखतात; पण ही सारी शोभा एका बंदिवासाची आहे. ब्रह्मदेशचा अखेरचा राजा इंग्रजांनीं १८८५ सालीं पदच्युत केला व पुढील वर्षीं येथें आणून ठेविला. वाडा पुरा व्हावयास १९१० साल उजाडलें. १९१६ सालीं राजा वारला. दिल्लीचा बहादुरशहा १८६२ सालीं रंगूनच्या कैदेंत मेला होता. दैवगति म्हणावी, तर हा डाव इंग्रजांनींच मांडलेला! राणी १९१९ सालीं स्वदेशीं परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीसच आली. तिची कन्या येथल्याच मराठी घरांत नांदली.