सर्वभूमिवाहने, बालकांची
सर्वभूमिवाहने, बालकांची : शिकाऊ मुलांसाठी बनविलेली, रुंद व कमी दाबाच्या फुगीर टायरांची छोटी चौचाकी वाहने. स्वार मोटारसायकलप्रमाणे आसनाच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून बसतो व दांडीने वाहन वळवितो. वाळू, चिखल किंवा धारूर (जि. बीड) परिसरातील बालाघाटच्या उतारांसारखी दगडगोट्यांची जमीन यांवर चालावीत, अशी त्यांची रचना असते.

हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावते, म्हणून होंडा या जपानी कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेत ८९ घ. सेंमी. एंजिनाचे तीनचाकी वाहन आणले. पुढे त्याची मुलांसाठी लहान आवृत्ती निघाली. सुझुकीने १९८३ च्या मालिकेत चौचाकी वाहन व लगोलग मुलांसाठी ५० घ. सेंमी. गटातील वाहन विक्रीस काढले.

वाहन लहान केले की ते मुलांना सुरक्षित होते, ही समजूत अपुरी ठरली. यांतील अनेक वाहनांचा मागील आस अखंड असल्याने दोन्ही चाके सारख्याच गतीने फिरतात. त्यामुळे वळताना अंग आत झुकवून बाहेरच्या पायठेप्यावर भार द्यावा लागतो. स्वाराचे वजन हा जणू वाहनाचाच एक भाग असतो आणि मुलाजवळ नेमके तेच कमी असते. वाहन उलटले, तर ते अंगावर येते. तीनचाकीत हा धोका विशेष होता. मुलांच्या मृत्यूंमुळे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९८८ च्या संमतिनाम्यानुसार उत्पादकांनी तीनचाकींची विक्री थांबविली. बारा वर्षांखालील मुलांस ७० व सोळा वर्षांखालील मुलांस ९० घ. सेंमी.हून मोठे वाहन शिफारसू नये, असेही ठरले. पुढे एंजिनाच्या आकारमानाऐवजी कमाल वेगावर आधारित वर्गवारी आली. सहा वर्षांवरील मुलांच्या गटात गतिनियंत्रक लावलेला असता वेगमर्यादा ताशी सु. १६ किमी. असते. अंगठ्याने दाबावयाच्या वेगकळीस मर्यादा घालणारा स्क्रू पालकाच्या हाती राहतो. अमेरिकन बालरोगतज्ञांच्या संघटनेस मात्र सोळा वर्षांखालील मुलांनी ही वाहने चालविणेच मान्य नाही.

यानंतरचा प्रसंग काहीसा विचित्र आहे. मुलांच्या वस्तूंतील शिशावर निर्बंध घालणाऱ्या २००८ च्या कायद्यामुळे २००९ मध्ये हीच वाहने दुकानांतून हटवावी लागली. कारण बॅटरीची अग्रे, झडपा इ. भागांत शिसे होते. मुले मोठ्यांच्या वाहनांकडे वळतील, हे भय शिशाच्या भयाहून मोठे ठरले. त्याच वर्षी अंमलबजावणी स्थगित झाली व २०११ मध्ये सूट देण्यात आली.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविण्यास अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. सोळाव्या वर्षीची सवलत ५० घ. सेंमी.पर्यंतच्या मोटारसायकलींपुरती आहे. तीत चौचाकी बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाच्या अपराधाबद्दल पालक अथवा वाहनमालक यांस तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रु. दंड अशी तरतूद केली. महाराष्ट्रात ही वाहने मुख्यतः सहलीच्या ठिकाणी, कुंपणाच्या आत भाड्याने दिली जातात. तेथे वयोगटानुसार वाहन, शिरस्त्राण व शिक्षक यांची व्यवस्था चालकाच्या तारतम्यावर सोपविणे प्रस्तुत लेखकास पुरेसे वाटत नाही.